तिसरा अ‍ॅडमिन

सत्यभामाबाईंच्या संस्थेच्या वेबसाइटला दोनच अ‍ॅडमिन होते. एक खुद्द बाई आणि दुसरी ती साइट बांधणारी शीतल. मंगळवारी सकाळी साडेदहाला शीतलनं हिंगोलीतल्या आपल्या खोलीत लॅपटॉप उघडला, तर यादीत तिसरं नाव होतं. ‘सपोर्ट टू’. ते तयार झाल्याची तारीख नऊ दिवसांपूर्वीची.

ते तिनं घातलं नव्हतं, आणि बाईंना ते घालता येत नव्हतं.

छळाला कंटाळून घर सोडणाऱ्या बायकांना ही संस्था आसरा द्यायची. दोन वर्षांपूर्वी शीतलनं वर्डप्रेस या वेबसाइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर त्यांची साइट उभी केली होती. वर्डप्रेस फुकट, आणि मुक्तही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणीही घ्यावं, उघडून बघावं, आपल्या गरजेपुरतं बदलावं. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सुटलेल्या शीतलला त्यानंच पायावर उभं केलं होतं. ज्या बाईला फोन करता येत नाही तिच्यासाठी साइटवर एक फॉर्म होता. तिथं लिहिलेलं सगळं आत साठून राहायचं, बाईंनी दिलेल्या उत्तरांसकट, आणि उत्तर बघायला तिथंच परत यावं लागायचं.

आणि अ‍ॅडमिनला ते सगळं वाचता यायचं.

शीतलनं शेवटची नोंद उघडली. ‘मी रागिणी, गोरेगाव, तालुका सेनगाव. नवरा मारतो. फोन सासूपाशी असतो, हे शेजारणीच्या फोनवरून लिहिते. मंगळवारी दोन वाजता कापड आणते म्हणून निघेन. जीपच्या थांब्यावर थांबते. लेकरू सोबत आहे.’ खाली बाईंचं उत्तर होतं, ‘आम्ही येतो’.

तो मंगळवार आजचाच होता.

हे कुठून आत आलं, ते शोधायला तिला फार वेळ लागला नाही. सहा महिन्यांपूर्वी साइट देखणी दिसावी म्हणून तिनं एक थीम बसवली होती. ती विकत घ्यायची थीम होती. शीतलनं ती एका ग्रुपवरून फुकट उतरवून घेतली होती. तिच्याच एका फाइलीत कुणीतरी चोरदरवाजा ठेवला होता. वर्डप्रेसमध्ये हजार थीम अशाच मोकळ्या मिळत होत्या. तिला नेमकी चोरीची हवी झाली.

तिनं तो अ‍ॅडमिन काढला, पासवर्ड बदलले, साइट बाहेरच्यांसाठी बंद केली. पण वाचलेलं काही पुसता येत नव्हतं. तिनं बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, थीमचंसुद्धा.

बाई म्हणाल्या, “कोन हाय तो, कळतं का?”

“न्हाई बाई. परदेशातला बी असंल, इथलाच बी असंल.”

“तिच्या नवऱ्यानं वाचलं असंल का?”

“मला न्हाई सांगता येत.”

“मंग रडू नको. आमी निघून राहिलो, तू बी चल. तिला निरोप देता येत न्हाई, लवकर जाऊन थांबू.”

संस्थेची जीप जळबा चालवायचा. सबंध रस्ताभर शीतलला समोरून येणारी प्रत्येक मोटारसायकल रागिणीच्या नवऱ्याची वाटत होती. त्याचा फोटो कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे कोणताही चेहरा त्याचा असू शकत होता.

एक वाजता ते गोरेगावात पोचले. जळबानं जीप थांब्यापासून थोडी पुढं लावली. चहाच्या टपरीशी एक जण मोटारसायकलवर बसून होता. येणारी प्रत्येक जीप तो न्याहाळत होता, मधेच घड्याळ बघत होता.

“बाई, तो बघा.”

“बघितलं म्या. तू त्याच्याकडं बघू नको.”

दोन वाजले. रागिणी आली नाही. सव्वादोन झाले. शीतलच्या डोळ्यांपुढं एक घर येत होतं, आतून कडी लावलेलं. ते दार आपण लावलं, असं तिला वाटत होतं.

अडीचच्या सुमारास सेनगावची जीप आली. तिच्यातून एक म्हातारी उतरली. मोटारसायकलवाल्यानं तिची पिशवी घेतली, तिला मागं बसवलं आणि तो निघून गेला.

त्यानंतर पाचेक मिनिटांनी शाळेच्या बाजूनं हिरव्या साडीतली एक बाई आली. कडेवर लेकरू, हातात रिकामी कापडी पिशवी. सत्यभामाबाईंनी जीपचं दार उघडलं. ती आत बसली. जळबानं गाडी काढली.

गाव मागं पडल्यावर शीतलनं तिला खरं सांगितलं. लपवायची तिची हिंमत झाली नाही. रागिणीनं ऐकून घेतलं. तिच्या ओठावर जुनी जखम होती.

“म्या लिवलेलं कोनीतरी वाचलं.”

“वाचलं असंल. माझी चूक हाय, ताई.”

“आन् बाईंनी जे लिवलं, ते बी?”

“व्हय.”

“त्यात मला कुठं नेनार, त्याचा पत्ता हाय. शेजारणीनं वाचून दाखवला व्हता.”

शीतलनं फोनवर ती नोंद पुन्हा उघडली. ‘आम्ही येतो’च्या खाली आणखी एक ओळ होती. सकाळी घाबरून तिनं ती वाचलीच नव्हती, आणि गडबडीत बाईंच्याही ध्यानात आली नव्हती. आसऱ्याच्या घराचा पूर्ण पत्ता, खुणेसकट.

“गाडी औंढ्याकडं घे,” शीतल जळबाला म्हणाली. “तिथं माझी मावशी हाय, मालनबाई. तिचं नाव कुठंच लिवलेलं न्हाई.”

मालनबाईनं त्यांना आत घेतलं. लेकराला दूधभात कालवून दिला.

शीतलनं पुढचे दोन दिवस साइटच्या नोंदी तपासल्या. घुसणाऱ्यानं साइटच्या पानांत जुगाराच्या जाहिराती लपवून ठेवल्या होत्या, आणि बहुधा तेवढ्यासाठीच तो आला होता. फॉर्ममधलं कुणी वाचल्याची खूण सापडली नाही. न वाचल्याचीही सापडली नाही.

शुक्रवारी दुपारी आसऱ्याच्या घराशी दोन माणसं आली आणि रागिणी कुठं आहे म्हणून विचारू लागली. बाईंनी दार उघडलं नाही, पोलिसांना बोलावलं. जिल्ह्यात संस्थेचं नाव बऱ्याच जणांना ठाऊक होतं. ती माणसं त्या नावावरून आली की साइटवरून, ते शीतलला कधीच कळलं नाही.

तिनं साइट नव्यानं बांधली, वर्डप्रेसवरच, त्याच्या मोकळ्या थीमवर. फॉर्म ठेवला नाही. तरी रोज सकाळी पहिला चहा घ्यायच्या आधी ती अ‍ॅडमिनची यादी उघडते आणि नावं मोजते.