परत करता येण्याजोगा कॉम्प्युटर

बाबा विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचे. जळालेली गोदामं, पाण्यात गेलेल्या गाड्या आणि मालक गावाला गेल्यावरच नेमके फुटणारे टीव्ही बघण्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे नवी वस्तू त्यांना दिसायची ती थेट मोडलेल्या अवस्थेतच. त्यांच्या घरात वस्तू विकत घेत नसत, पसंतीवर ठेवून घेत. फ्रिजच्या दारावरचं निळसर प्लास्टिक फ्रिज आला तेव्हापासून तसंच होतं. रिमोट पिशवीत राहायचा. सोफ्यावर बसलं की करकर आवाज व्हायचा आणि पाहुणे उगीचच ओशाळे होऊन हळू बोलायचे.

अशा घरातल्या मुलीने सुटे भाग आणून आपला कॉम्प्युटर आपणच जोडायचं ठरवलं.

मुलीला सगळे खारू म्हणत. लहानपणापासून साठवायची सवय, म्हणून. आता ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, संध्याकाळी पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायची आणि आलेला पगार खारीच्या निष्ठेने बाजूला टाकायची. कॉलेजच्या गेमिंगच्या संघात पाचव्या खेळाडूची जागा रिकामी झाली होती. निवडीचा सामना रविवारी दुपारी होता. ज्याने त्याने आपल्या घरून, आपल्या मशीनवर खेळायचं. मशीन मध्येच बंद पडलं तर खेळाडू बाद. खारूचा जुना लॅपटॉप गेमचं नाव काढताच घरघर लागून गतप्राण व्हायचा.

"त्यावर अभ्यासही होईल, बाबा."

"हेच मी तुझ्या आजोबांना सायकलच्या वेळी सांगितलं होतं."

"मग? मिळाली सायकल?"

"सायकल मिळाली," बाबा म्हणाले. "अभ्यास नाही झाला."

तरीही ते दुकानात बरोबर गेले. मुलीला एकटीला दुकानदाराच्या तावडीत सोडणं त्यांच्या पेशात बसत नव्हतं.

दुकानदार उत्साही होता. त्याने आधी सगळे भाग बसवायची दिव्यांची पेटी दाखवली. काचेच्या भिंती, आत सात रंग फिरताहेत.

"दिव्यांनी वेग वाढतो का?" बाबांनी विचारलं.

"वेग नाही वाढत काका. पण वाढल्यासारखा वाटतो."

"वाटण्याचं बजेट नाही आमच्याकडे," खारू म्हणाली. बाबांनी तिच्याकडे नव्या आदराने पाहिलं.

पुढचा तासभर तिने जे केलं त्याला खरेदी म्हणणं अन्याय होईल, ती वाटणी होती. सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा, कारण खेळातली चित्रं तेच काढतं. बाकीच्यांनी त्याच्या ताटातलं उरलेलं खायचं. प्रोसेसर तिने मागच्या पिढीचा घेतला. तरुण मुलीने मागच्या पिढीवर विश्वास टाकल्याचं ते घरातलं पहिलंच उदाहरण. रॅमच्या एका मोठ्या पट्टीऐवजी दोन लहान घेतल्या. दोघी मिळून काम लवकर उरकतात, असं तिचं म्हणणं होतं. पेटी साधी, काळी, पुढून जाळीची. बाबांना तिजोरीसारखी बंद पेटी हवी होती.

"जाळीतून धूळ जाईल."

"हवाही जाईल. आत गरम होतं, बाबा."

वीजपुरवठ्याच्या डब्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. दुकानदार स्वस्तातला काढायला वळला, तसे बाबा शांतपणे म्हणाले, "स्वस्त डब्यांनी पेटलेली तीन दुकानं मी स्वतः पाहिलीत," आणि वरचा फरक त्यांनी आपल्या खिशातून भरला. शेवटी प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर राहिला. खारूचे पैसे संपले होते. कूलर बाबांनी घेतला. तांब्याच्या नळ्या, वर पंखा, घसघशीत वजन. वजनदार वस्तूवर त्यांचा विश्वास होता.

बाहेर पडताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "परत घेता का?"

"रविवारी संध्याकाळपर्यंत घेऊ ना काका. पण सगळं घेतलंय तसं सगळंच परत. आणि वस्तू नव्यासारखी हवी. प्लास्टिक जागच्या जागी. एखाद्याचंही निघालं असलं तर जमणार नाही."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांना आपल्यासारखा माणूस भेटला होता.

घरी येताना त्यांनी तह मांडला. "रविवारच्या सामन्यात चाललं तर तुझं. नाही चाललं तर त्याच संध्याकाळी सगळं परत, आणि त्या पैशात अभ्यासाचा लॅपटॉप. कबूल?"

"कबूल," खारू म्हणाली. जोडणाऱ्याला दुसरं काय म्हणता येतं?

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. आई हॉस्पिटलात नर्स होती. तिने टेबल पुसून, जुनी चादर अंथरून, "पेशंट आणा" म्हणून सांगितलं. खारूने एकेक भाग बसवला. बाबा मागे हात बांधून उभे होते, पण कूलरची पाळी आली तेव्हा त्यांना राहवेना.

"हा मी बसवतो. माझा आहे."

"बसवा. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी पेस्ट मी लावलीये, फक्त वरून सरळ ठेवा आणि चार स्क्रू. मी तोवर वायरी बघते."

बाबांनी कूलर बसवला. चारही स्क्रू समान आवळले. मशीन सुरू झालं, पडदा उजळला, आईने टाळ्या वाजवल्या. जेवण त्या दिवशी मांडीवर ताटं घेऊन झालं.

रविवारी सकाळी खारूने सरावासाठी गेम लावला. पंखा आधी गुणगुणला, मग ओरडायला लागला, आणि खेळ रंगात आला तसा पडदा काळा झाला. तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा काळा.

ड्यूटीवरून आलेल्या आईने पेटीच्या मागे हात धरला. "अगं बाई, ताप आहे याला."

"कूलर इतका मोठा आहे, तापायलाच नको," खारू म्हणाली. "प्रोसेसरच खराब निघाला असेल. म्हणजे संपलं."

"बघ," बाबा म्हणाले, "तरी मी सांगत होतो, परत करायची सोय..." आणि ते थांबले.

"काय?"

बाबा खुर्चीत बसले. खुर्चीनेही करकर केलं. "खारू, त्या कूलरला खालून एक पारदर्शक कागद होता. अगदी तलम."

"तो काढलात ना? त्याने उष्णता अडते. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, लावण्यापूर्वी काढा."

"वाचलं मी."

वाचल्याशिवाय काही करणारे ते नव्हतेच. "पण काढला असता तर परत घेतला नसता ना त्याने."

खारूने आईकडे पाहिलं. आई खिडकीकडे पाहू लागली, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

"म्हणजे कॉम्प्युटर परत करता यावा म्हणून तुम्ही तो परत करायची वेळ आणलीत?"

दाव्यांच्या इतक्या वर्षांत इतका स्वच्छ दावा बाबांपुढे आला नव्हता. नुकसानीचं कारण, हेतू, कबुली, सगळं एका टेबलावर.

खारूने स्क्रू सोडवून कूलर उचलला. खालचं प्लास्टिक पेस्टने माखलं होतं. ती ते ओढायला गेली आणि थांबली. कूलर तिने बाबांपुढे धरला.

"तुमचा आहे. अजून संध्याकाळ व्हायची आहे. पुसून दिला तर घेईलही तो परत. तुम्ही ठरवा."

बाबांनी कूलर हातात घेतला. प्लास्टिकचा कोपरा त्यांना लगेच सापडला. इतकी वर्षं तो न ओढण्याचा सराव होता. फ्रिज पाहिला, सोफा पाहिला, मुलीचा चेहरा पाहिला. मग डोळे मिटून ओढला. आवाज अगदी बारीक झाला, पण त्या घरात तो नवाच होता.

"दुखलं?" आईने विचारलं.

"थोडं."

नळीत उरलेली पेस्ट खारूने नव्याने लावली. या वेळी कूलर दोघांनी मिळून बसवला. दुपारी तिच्या खोलीचं दार बंद झालं. आतून तिचं "डावीकडून ये, अरे डावीकडून!" ऐकू येत राहिलं. पंख्याचा आवाज मात्र कान देऊनही ऐकू येत नव्हता. बाबा दाराबाहेर स्टूलवर बसले होते. आत काय चाललंय ते कळत नव्हतं, पण चाललं होतं, एवढं त्यांना कळत होतं.

दार उघडलं तेव्हा खारूचे केस विस्कटले होते. "तीनदा मेले," ती म्हणाली.

"अरेरे."

"पण मशीन एकदाही नाही मेलं. घेतलं त्यांनी मला!"

आईने तिला जवळ घेतलं. बाबांनी स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि परत आणलं, कारण ते मुळात दाराबाहेरचंच होतं.

"अहो, अजून उजेड आहे," आई मुद्दाम म्हणाली. "ते दुकान?"

"बंद झालं असेल," बाबा म्हणाले, आणि टेबलावरचा तो पेस्टने माखलेला तलम तुकडा पुसून, घडी घालून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. चांगलं प्लास्टिक होतं.