वरवंट्याची दृष्ट

"शिजलं! बिनआगीचं अंडं शिजलं!"

हिवरखेडच्या बाजाराच्या मैदानावर पुढचा ओरडला की मागचे काही न पाहताच हात जोडत होते. मांडवात शीतलनाथ महाराज बसलेले. आजाऱ्यावरून अंडं ओवाळायचं, काचेच्या वाटीत फोडायचं, वरून लोट्यातलं तीर्थ ओतायचं. पाण्यासारखा नितळ, चिकट भाग बघता बघता पांढराफेक व्हायचा. मग चेला वाटी तीन वाटांच्या तिवाठ्यावर रिकामी करायचा आणि घरच्यांनी मागं न पाहता चालू पडायचं. उताऱ्याची रीतच तशी! महाराजांना ती फार सोयीची होती. मागं पाहायचंच नाही, तर तपासणार कोण?

आता महाराजांपुढं प्रणाली लेकीला घेऊन उभी होती. कडेवरच्या आचलचे डोळे सुजून नुसत्या फटी उरल्या होत्या. पोरीच्या अंगातली प्रथिनं लघवीवाटे वाहून जात होती. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी काचेची नळी देऊन शिकवलं होतं, रोज सकाळी लघवी तापवून पाहा, पांढरी झाली की गळती चालू आहे असं समज. गोळ्या मनानं बंद केल्या तर जिवावर बेतेल, असंही बजावलं होतं. तरी महाराजांकडे न्यायचं तर गोळी नको, या सासूच्या, सुंदराबाईंच्या, हट्टापायी कालपासून गोळी बंद होती. आज सकाळी नळीत दह्यासारखं झालं होतं.

"गरमी आहे, बेटी, गरमी!" महाराज आचलवरून अंडं ओवाळत गरजले. "इंग्रजी गोळीनं पेटवलेली! माझं तीर्थ ती ओढून अंड्यात कोंडतं. गोळी आणि तीर्थ एका पोटात नांदत नाहीत!"

अंडं फुटलं, तीर्थ पडलं, पांढरं झालं. सुंदराबाईंनी सुनेला ढोसलं. "हात जोड वं! काहून उभी राहिली खांबावानी?"

प्रणाली आपल्या मनगटाकडे पाहत होती. तीर्थाचे दोन थेंब तिथं उडाले होते. गार लागले आणि लगेच उडून गेले. कापराच्या, गुलाबपाण्याच्या आडून एक ओळखीचा वास आला. सुई टोचायच्या आधी नर्स आचलच्या दंडाला जो बोळा लावायची, त्याचा वास!

चेल्यानं वाटी उचलली. "चला, मागं पाहू नका."

प्रणालीनं पोर सासूच्या कडेवर दिली, महाराजांजवळच्या टोपलीतलं अंडं उचललं आणि मांडवामागच्या जेवणाच्या चुलीकडे गेली. तिथल्या पाट्यावरचा वरवंटा आणून तिनं महाराजांपुढं ठेवला, त्याच्यावरून अंडं ओवाळलं, दुसऱ्या वाटीत फोडलं. महाराज "अरे, अरे" करेपर्यंत लोटा तिच्या हातात होता.

तिनं तीर्थ ओतलं. अंडं पांढरं झालं.

"घ्या!" प्रणाली ओरडली. "वरवंट्यालेबी गरमी झाली काय? त्यानं कोन्ती गोयी खाल्ली?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. महाराज म्हणाले, "बाईच्या अंगात आलंय!"

"अंगात नाई, डोक्यात आलं!" तिनं लोटा सासूच्या नाकाशी धरला. "आई, वास घ्या."

सुंदराबाईंनी हुंगलं. त्यांचा चेहरा उतरला. "हा तं सुईवाला वास हाय वं."

"स्पिरिट हाय. डॉक्टरीणबाईंनं सांगतलं होतं, अंड्यात प्रथिनं असतेत. एकेक प्रथिन म्हंजे लांब हार, अमिनो आम्लाच्या मन्यांचा, घडी घालून बसलेला. तापवलं का घडी मोडते, हार एकमेकांत गुततेत, पांढरं होते. स्पिरिटनंबी घडी मोडते. आग लागत नाई, मंतर लागत नाई. आपल्या नयीत तेच पांढरं होते, आई. ते पोरीचं अंग वाहून चाललं!"

एकेक जण पुढं येऊन लोटा हुंगू लागला. तोवर महाराजांची जीप सुरू झालीसुद्धा.

सुंदराबाईंनी तिथंच, पाण्याच्या पिंपाशी, सुनेपुढं हात पसरला. "आन ती गोयी." प्रणालीनं पदराच्या गाठीतली गोळी काढून दिली, ती त्यांनी स्वतः नातीला भरवली.

लोकहो, उतारा करायचा तर करा बापा. पण लेकराचं औषध बंद करा म्हणणारा भेटला, तर मागं वळा. वाटी पाहा, वास घ्या, विचारा. विचारल्यानं कोणताही देव कोपत नाही, कोपतो तो लोटेवाला.

दुसऱ्या सकाळी नळी सुंदराबाईंनीच विस्तवावर धरली. अजून पांढरीच होत होती. त्यांनी नळी खाली ठेवली आणि त्या म्हणाल्या, "चाल वं प्रणाली, अकोल्याची पयली गाडी धरू."