डाव्या कानापुरतं

"अजून थोडं मोठं करा ना हो," अंबिकाबाई हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरत म्हणाल्या. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसंच, खालच्या रस्त्यापर्यंत पोहोचेल अशा आवाजात.

अनंतरावांनी बटण शेवटपर्यंत फिरवून दाखवलं. "संपलं. ह्याच्यापुढं नाही."

"मग सावनी तोंडावर पदर धरून का बोलतीय?"

अनंतराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. जन्म फायलींत गेला, पण जीव सोल्डरिंगच्या धुरात. घरातलं प्रत्येक यंत्र त्यांनी उघडून बघितलेलं, आणि बंद करताना दर वेळी एखादा स्क्रू उरलेला. अंबिकाबाईंचा उजवा कान केव्हाच गेला होता. डाव्यात थोडी धुगधुगी होती, ती जपा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कानात घालायचं मशीन नुसती शिट्टी मारायचं. म्हणून अनंतरावांनी पैठण गेटजवळच्या दुकानातून तळहाताएवढा ॲम्प्लिफायरचा बोर्ड आणला आणि टेपरेकॉर्डरला जोडला. बोर्ड होता स्पीकरसाठी. त्याचा जोर थेट कानात जाऊ नये म्हणून हेडफोनच्या तारेत रेझिस्टन्स टाकला. शिवाय वीज येताक्षणी बोर्ड एक जोराचा ठोका मारायचा, म्हणून घरात नियम केला: आधी बोर्ड चालू, मग हेडफोन डोक्यावर, आणि लाईट गेली की हेडफोन लगेच खाली.

कॅसेट एकच होती. तीत त्यांची लेक सावनी, दहा वर्षांची असताना, बातम्या देत होती: "आजही नळाला पाणी आलेलं नाही. त्यामुळे आई बाबांवर चिडलेली आहे." पुढे कॉलेजात गेल्यावर, अशाच एका कोरड्या साली, ती काविळीनं गेली. पाणी टँकरचं होतं. तेव्हापासून अंबिकाबाई पाणी दोनदा उकळत आणि कॅसेट रोज ऐकत.

अनंतरावांनी बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. नियम त्यांनीच केलेला होता, पण हा चेहरा त्यांना बघवेना. त्यांनी रेझिस्टन्सवरून तारेचा तुकडा टाकला आणि दोन्ही टोकं डागून टाकली. मधला अडसर गेला.

"आली!" अंबिकाबाई ओरडल्या. "चिडलेली आहे म्हणतीय बघा मला, कार्टी!" त्या डोळे मिटून हसत बसल्या. अनंतरावांना एवढं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. तळमजल्यावरचे सर्जेराव हाका मारायला लागले. "अनंतराव, पाईप धरायला या! टँकरवाला थांबत नाय!"

जायकवाडी धरणानं तळ गाठला होता आणि शहराच्या टोकाच्या ह्या सातारा परिसरात बिल्डिंगी मात्र गवतासारख्या उगवत होत्या. त्या उन्हाळ्यात टँकर आला की हातातलं सगळं टाकून धावायचं, एवढं एकच काम सगळ्यांना होतं. अनंतराव धावले. ते पाईप धरून उभे असतानाच लाईट गेली. कुणी मोटारीचं बटण बंद केलं नाही. लाईट आल्याबरोबर पाणी वर चढावं म्हणून ती बटणं कायम चालूच असत.

थोड्या वेळानं सगळ्या मोटारी एकदम घुमल्या. गल्लीभर पोरंथोरं ओरडली, "आली रे आली!" अनंतरावही ओरडले. आणि ओरडता ओरडताच त्यांना तो तारेचा तुकडा आठवला.

पाईप हातातून सुटला.

"अहो, पाणी! पाणी चाललं की सगळं!" सर्जेराव मागून बोंबलत राहिले.

वर अंबिकाबाई डावा कान तळहातानं दाबून बसल्या होत्या. हेडफोन मांडीवर होता. त्यातून सावनीचा आवाज बारीक, पण स्वच्छ येत होता. दारातूनसुद्धा शब्द कळत होते.

"सावनी परत बोलेल म्हणून काढलाच नव्हता, तर कानात फाडकन काहीतरी वाजलं हो," त्या म्हणाल्या. त्यांनी हेडफोन पुन्हा चढवला, दाबला, वाट पाहिली. "आता काहीच नाही. आली आणि लगेच गेली वाटतं लाईट?"

"अंबिका," अनंतराव म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. मग अगदी कानाशी जाऊन ओरडले. अंबिकाबाईंनी मान वर केली नाही.

डोक्यावर पंखा कमी व्होल्टेजवर आत्ता कुठं फिरायला लागला होता. बायकोनं वर बघायच्या आत अनंतरावांनी भिंतीशी जाऊन त्याचं बटण बंद केलं.