आला की आली

मित्रांनो, मी एक जुनं आन्सरिंग मशीन आहे, घरात कुणी नसताना फोनवरचे निरोप टिपून ठेवणारं. मशीन नपुंसकलिंगी, तेव्हा खरं तर मी 'बोललं', 'ऐकलं' असंच म्हणायला हवं. पण माझ्यात सगळ्यात आधी भरला गेला तो अरुणकाकांचा आवाज, 'वी आर नॉट ॲट होम' असं सांगणारा. तेव्हापासून मी स्वतःला पुरुष धरून चाललो आणि कुणी हरकत घेतली नाही. माणसांचं मात्र इतक्या सहज भागत नाही. हे मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा फार लाज वाटली. आज जे सांगणार आहे ते त्या लाजेपोटीच.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पोटात बोटभर लांबीची कॅसेट, अंगावर चार बटणं, एक स्पीकर आणि किती निरोप आले ते दाखवणारा लाल आकडा, एवढाच माझा संसार. कॅसेट नसलेली नवी यंत्रं बाजारात आली आणि मी अटलांटाजवळच्या एका दुकानात तळाच्या फळीवर जाऊन पडलो. तिथून २००१ च्या जूनमध्ये अरुणकाकांनी मला उचललं. त्यांची एकुलती एक लेक हिमानी त्याच महिन्यात लष्करी अकादमीतून पदवी घेऊन बाहेर पडली होती. "कुठून कधी फोन करेल सांगता येत नाही. लेकीचा फोन चुकायला नको," असं ते प्रतिमाकाकूंना म्हणाले. मला त्यांनी अल्फारेटाच्या घरात दिवाणखान्यात मानाची जागा दिली. डोक्यावरच्या भिंतीवर हिमानीचा गणवेशातला फोटो, आणि शेजारी चौकटीत अकादमीची शपथ: खोटं बोलणार नाही आणि खोट्याला पाठीशी घालणार नाही. महाराष्ट्र मंडळातलं कुणी घरी आलं की काका आधी ती चौकट वाचून दाखवत, मग चहा. चहा गार होई, पण कुणी कुरकुर करत नसे.

पहिली दोन वर्षं माझी चैन होती. हिमानीचे निरोप लांबलचक असत आणि ते मराठीत असत. जन्म अमेरिकेतला, त्यामुळे मराठी जरा अडखळती. "आई, मी आज टँक बघितली," असं ती म्हणे, की काका मला थांबवून म्हणत, "बघितला. रणगाडा तो." परत फोन करून ते तिच्या चुका सांगत. तीही हसून म्हणे, "बाबा, आर्मी एवढं करेक्ट करत नाही." काकू तेच निरोप पोळ्या लाटताना पुन्हा पुन्हा लावत. मला वाटे, या घराचा मीच कान आहे. फुगून गेलो होतो म्हणा ना.

२००३ पासून निरोप इंग्रजीत येऊ लागले, आणि तोकडे. "हाय आई, हाय बाबा. ऑल गुड. वी वेंट टू द लेक. टॉक सून." काकू खट्टू झाल्या. शेजारच्या शोभनाकाकू म्हणाल्या, "पोरीला शिंगं फुटली गं. ऑफिसर झाली ना आता." कुणालाच कळलं नाही की पोरीला शिंगं फुटली नव्हती, ती लपायला जागा शोधत होती. इंग्रजीत लपता येतं. 'फ्रेंड केम ओव्हर' म्हटलं की झालं. कोण आलं ते सांगावं लागत नाही. मराठीत एक तर 'आला' म्हणा, नाही तर 'आली'. क्रियापदच चुगली करतं.

तिच्या निरोपांत एक नाव मात्र पुन्हा पुन्हा येई. काकूंनी ते ऐकलं 'डॅनियल'. अकादमीत तिच्याच वर्गातला, उंच असावा, हेही त्यांनी ताडलं. गोरा जावई म्हणून आधी दोन दिवस रडल्या, तिसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणाल्या, "असू दे. माणूस चांगला असला म्हणजे झालं." त्या दिवाळीला त्यांनी पुण्याला गेलेल्या हिमानीच्या राजीवमामाकरवी तिथून मोठ्या मापाचा झब्बा मागवून पाठवला. हिमानीचा निरोप आला, "थँक्स आई. बाह्या थोड्या लाँग आहेत." काकूंनी मंडळभर सांगितलं की जावयाचे हात आखूड आहेत.

मित्रांनो, डॅनियल हा मुलगा, आणि डॅनिएल ही मुलगी. आपल्या कानांना फरक लागत नाही. आणि तेव्हाचा कायदा असा होता की बाईचं बाईवर किंवा पुरुषाचं पुरुषावर प्रेम आहे हे उघड झालं तर त्यांना सैन्यातून काढून टाकत. ज्या मुलीने कधी खोटं बोलणार नाही अशी शपथ घेतली, तिला रोज उठून अर्धं तोंड बंद ठेवावं लागे.

२००६ च्या सप्टेंबरात काका-काकू आठवडाभर राजीवमामाकडे टेक्सासमधल्या फ्रिस्कोला गेले होते. परत आले तेव्हा माझी कॅसेट काठोकाठ भरली होती. काकू बॅगा आवरायला आत गेल्या. काकांनी एकेक निरोप ऐकायला घेतला. मंडळाची मीटिंग, दाताच्या डॉक्टरांची आठवण, शोभनाकाकूंचे चार निरोप. अगदी शेवटी हिमानी, आणि ती मराठीत बोलत होती.

"आई, बाबा, मी मराठीत बोलणार आहे, सो प्लीज शेवटपर्यंत ऐका. आम्ही दोघांनीही... सॉरी, दोघींनीही आता आर्मी सोडली, म्हणून मला सांगता येतं. डॅनिएल तीन वर्षं माझ्याबरोबर राहते. आत्ता ती इथे आली आहे, माझ्या शेजारी."

काकांनी मला थांबवलं. "पार विसरली मराठी," ते स्वतःशीच म्हणाले. "आला आहे म्हणायचं, आला." आणि बटण दाबून मला पुन्हा सुरू केलं.

"बाबा, तुम्ही आत्ता म्हणाला असाल की हिचं ग्रामर चुकलं. नाही चुकलं. आली म्हणजे आलीच. आमच्यासारखे अकादमीचे बरेच ग्रॅज्युएट्स आहेत, अगदी आजोबांच्या वयाचे पण. आम्ही ग्रुप केलाय. ॲल्युम्नाय असोसिएशनकडे ॲप्लाय केलं, गावोगावच्या शाखा असतात तशी आमची पण शाखा माना म्हणून. त्यांनी नाही म्हटलं. रीयुनियनमध्ये टेबल पण दिलं नाही. म्हणून अकादमीच्या गेटबाहेरच्या हॉटेलात आम्ही आमचं डिनर ठेवलंय. शनिवारी, चौदा ऑक्टोबर, सहा वाजता. काही जणांचे आईबाबा येणार आहेत. तुमच्या नावाच्या दोन खुर्च्या ठेवते. आई, तू ये ना. फोन नाही आला तर मी समजेन, परत विषय काढणार नाही."

महिन्याभराने मंडळाची दिवाळी होती आणि त्या वर्षी काका अध्यक्ष होते. आतून काकूंनी विचारलं, "अहो, हिमानीचा आहे का काही?"

"नाही," काका म्हणाले. "सगळे टेलिमार्केटिंगवाले." आणि त्यांनी 'इरेझ' दाबलं.

डोक्यावर ती चौकट होती आणि खाली मी. मी निमूटपणे फीत मागे गुंडाळली आणि शून्य दाखवलं. खोटी साक्ष म्हणतात ती हीच. कारण माझ्यासारख्या जुन्या यंत्रात 'इरेझ' दाबल्याने काही पुसलं जात नाही. नवा आवाज त्यावर चढेपर्यंत जुना फितीवर तसाच असतो. हिमानीचा निरोप माझ्या पोटात होता आणि ओठांवर मी शून्य धरून बसलो होतो.

चौदा ऑक्टोबर गेला. पुढच्या आठवड्यात काकूंनी आपणहून फोन लावला आणि हात पिठाचे म्हणून माझा स्पीकर सुरू केला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी अगदी मायेने विचारलं, "आणि डॅनियल कसा आहे?"

"कसा?" हिमानीने विचारलं.

"अगं, कसा आहे म्हणजे बरा आहे ना?"

"फाइन, आई. बरा आहे." आणि फोन ठेवला गेला. बिचाऱ्या काकूंना काय ठाऊक! लेकीने जीव मुठीत धरून 'आली' सांगितलं होतं आणि आईने सगळं ऐकूनसवरून 'कसा' विचारलं, असंच तिला वाटलं. मला सगळं कळत होतं. एक शब्द बोलता आला असता तर दोघी सुटल्या असत्या. त्यानंतर हिमानीचा फोन फक्त वाढदिवसाला येई, तोही काकू देवळात गेलेल्या असतील अशा वेळी, माझ्यावर. "हॅपी बर्थडे, आई." एवढंच.

हळूहळू सगळ्यांकडे मोबाइल आले. माझा लाल आकडा एकाच्या वर जाईना, त्यामुळे फितीच्या शेवटापर्यंत नवा आवाज पोचलाच नाही. काकू मात्र मला काढू देत नसत. म्हणत, "तिचा आवाज येतो हो यातून कधीमधी."

२००८ च्या एप्रिलमध्ये वादळ झालं आणि घरातली वीज गेली. दुपारी परत आली तेव्हा मी मोजदाद विसरलो होतो. नवा निरोप कुठे संपतो आणि जुना कुठे सुरू होतो, काही कळेना. काकू घरात एकट्याच होत्या. त्यांनी शोभनाकाकूंचा निरोप ऐकायला बटण दाबलं आणि तो संपल्यावर मी थांबलो नाही. दाताचे डॉक्टर, अर्धामुर्धा कुणीतरी, खरखर, आणि मग: "...नाही चुकलं. आली म्हणजे आलीच."

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. संध्याकाळी काका आले तेव्हा त्या तिथेच होत्या.

"मी तिला 'कसा' विचारलं," त्या म्हणाल्या. "अहो, माझ्या लेकीला मी 'कसा' विचारलं."

काकांनी एकही सबब सांगितली नाही. "मी पुसलं," म्हणाले आणि दारातच उभे राहिले. दोन वर्षांत ते इतके म्हातारे कधी झाले, मला दिसलंच नव्हतं.

काकूंनी तिथूनच माझ्या स्पीकरवर फोन लावला. हिमानीने उचलला.

"मला आज कळलं गं," काकू म्हणाल्या.

"आज? मला वाटलं तुला तेव्हाच..." हिमानी म्हणाली. मग दोघी रडल्या. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "बाबांशी बोलतेस?"

"नको, आई. इतक्यात नको."

ऑक्टोबरातल्या त्यांच्या डिनरला तिने आईला बोलावलं, फक्त आईला. काका आगंतुकासारखे बरोबर गेले. मी तिथे नव्हतो. काकू परत आल्यावर शोभनाकाकूंना सांगत होत्या ते ऐकलं. तिसरं वर्ष, तरी शाखेची मान्यता नव्हती आणि जागा गेटबाहेरचीच होती. पण साठेक माणसं जमली होती. एक काठी टेकत आलेले निवृत्त कर्नल होते; त्यांनी सगळी नोकरी एकट्याने काढली होती आणि त्यांचे आईवडील काही न कळताच गेले होते. काका दाराशी उभे राहिले, कारण त्यांच्या नावाची खुर्ची नव्हती. डॅनिएलने ते पाहिलं, दुसऱ्या टेबलाची एक ओढून आणली. काका बसले नाहीत. त्या सगळ्यांसमोर त्यांनी इंग्रजीत सांगितलं की मी हिमानीचा बाप, हिने आम्हाला दोन वर्षांपूर्वी बोलावलं होतं, मी तो निरोप पुसला आणि हिच्या आईशी खोटं बोललो. कर्नलसाहेबांनी मान खाली घातली. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत.

"मग हिमानी काय म्हणाली?" शोभनाकाकूंनी विचारलं.

"म्हणाली, बाबा, बसा. जेवून घ्या." काकू पुढे म्हणाल्या, "माफ केलं असं नाही म्हणाली. अजून नाही."

शोभनाकाकू सांगत होत्या की त्या दिवाळीला मंडळात कुणी जावयाची चौकशी केली, तेव्हा अरुणकाकांनी माइक खाली ठेवून उत्तर दिलं, "जावई नाही. डॅनिएल मुलगी आहे. पुढच्या वर्षी दोघी येतील, बोलावलंत तर." काही जण उठून जेवणाच्या रांगेत गेले. काही जण थांबले.

आता मी गॅरेजमधल्या फळीवर आहे. कॅसेट काकूंनी काढून कपाटात ठेवली, म्हणून पोट रिकामं आहे. धूळ बसते, त्याचं काही वाटत नाही. मानाच्या जागेवर बसून मी काय दिवे लावले ते मला ठाऊक आहे. मला जपा असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, कुणी फार धीर करून तुम्हाला स्वतःबद्दल काही सांगितलं, तर त्याची भाषा दुरुस्त करत बसू नका. शेवटपर्यंत ऐका, आणि ज्याच्यासाठी ते सांगितलं आहे त्याच्यापर्यंत पोचवा. मला नुसतं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. तुम्हाला दोन्ही येतं.