ओढल्यासारखं वाटलं तर सांगा

ज्या बाईच्या चेहऱ्यावरचा शेवटचा केस मी काढते, तिला त्या क्षणापासून मी दिसत नाही. ऐकूही येत नाही. धक्का लागलाच तर ती "वारा सुटलाय" म्हणते आणि पदर सारखा करते.

सुरुवातीला मला वाटायचं, शिष्टपणा करतात मेल्या. रस्त्यात ओळख द्यायची नाही, ही आमच्या धंद्याची रीतच आहे. मिरजेत सुईवाल्या बाईनं तुम्हाला हाक मारली, की तुमच्या हनुवटीची गोष्ट अख्ख्या बाजाराला कळते. म्हणून मी कुणाला हाक मारत नव्हते. पण एकदा भाजीवालीनं माझ्या हातातली मेथीची जुडी काढून, माझ्या देखत, दुसऱ्या बाईला दिली. तिचा ओठ मीच साफ केला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढं हेही कळलं: बाईला मी दिसेनाशी झाले, की तिच्या घरच्यांनाही दिसेनाशी होते. कसं, ते मला विचारू नका.

काम तसं साधं आहे, फक्त जीव खातं. बाईच्या मुठीत विजेच्या पेटीला जोडलेली पितळेची दांडी द्यायची, ओल्या फडक्यात गुंडाळून. सुई केसाच्या कडेनं मुळापर्यंत सोडायची आणि करंट हळूहळू वाढवायचा. पेटीवरचा काटा वर चढतो. बाईनं दांडी धरली नाही, किंवा सुई कुणाच्या कातडीत नसली, तर काटा हलत नाही. दोन्ही टोकांना माणूस लागतं. मग चिमट्यानं केस उचलायचा आणि म्हणायचं, "ओढल्यासारखं वाटलं तर सांगा." मूळ मेलं असेल तर केस लोण्यातून यावा तसा येतो. ओढ लागली तर मूळ जिवंत. मग हिसका मारायचा नाही, चिमटा सोडायचा, केस राहू द्यायचा आणि बाईला पुन्हा बोलवायचं.

हे मला एस्तेरबाईंनी शिकवलं. त्या आधी डोळ्यांच्या वॉर्डात नर्स होत्या. मी त्यांच्याकडे शिकायला गेले नव्हते, हनुवटी घेऊन गेले होते. सुई चालवता चालवता त्या सांगायच्या, "रोहिणे, हे नट्टापट्ट्याचं काम नव्हे बरं का. अमेरिकेत एका डोळ्यांच्या डॉक्टरानं सुरू केलं. आत वळलेली पापणी बुबुळाला टोचायची, ती अशी मुळातून घालवायची. माणसाला नीट दिसावं म्हणून." पुढं ते काम पापणीवरून ओठावर आलं आणि डॉक्टरांकडून बायकांच्या हातात आलं. एस्तेरबाईंनी मला सगळं शिकवलं, पण माझा एक केस मात्र ठेवला. "राहू दे, शिकण्यापुरता," म्हणायच्या. मग मला स्थळ आलं आणि मी हट्टच धरला. त्यांनी तो काढला. स्थळ चहा पिऊन गेलं ते गेलंच. आणि त्या दिवशी केस निघाल्याबरोबर मान वर करून बघते तर एस्तेरबाई नाहीत. खुर्ची, दिवा, पेटी सगळं जागच्या जागी, बाई तेवढ्या गायब. नगरला भावाकडे गेल्या असतील, असं मी धरून चालले. एका शब्दानं सांगितलं नाही, याचा राग मी जन्मभर धरला. धंदा मात्र त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पेटीवर चालवला. कधी सुया आधीच उकळलेल्या असायच्या, कधी माझं स्टूल बसायच्या आधीच गरम लागायचं. मला वाटायचं, माझंच डोकं ठिकाणावर नसतं.

स्टेशन रोडला लेझरवाले आले आणि नव्या बायका यायच्या बंद झाल्या. जुन्यांचं काम एकेक करून संपत गेलं. शेवटी गावात मी एकट्या पद्माक्का मगदूमांना दिसत होते. दूध, भाजी त्याच आणून द्यायच्या. त्यांच्या हनुवटीखाली एकच केस उरला होता, काळा, राठ, मोठा चिवट. त्या केसावर माझं सगळं चाललं होतं.

परवा दुपारी त्या पत्रिका घेऊन आल्या. पाकिटावर कुंकवाचं बोट आणि माझं नाव.

"लेकीचं लग्न हाय," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "ते फोटोवाले पार नाकाजवळ येत्यात. तेवढा एक राहिलाय तो काढून टाका की."

"हा काढला की मी तुम्हाला दिसणार नाही."

"काय तरीच तुमचं."

"खरं सांगते अक्का. सगळ्यांचं तसंच झालंय."

त्यांचं बोट केसावर गेलं. तो चाळा मला चांगला माहीत आहे. लेकीवर अक्षता टाकताना दुसरा हात हनुवटीवरच राहिला असता.

"मग तुम्ही लग्नाला आलेल्या मला कळायचं कसं?"

"नाही कळणार."

"बरं, पण जेवून तरी जावा," त्या म्हणाल्या आणि दांडी मुठीत धरली.

मला रडू आलं. नाही म्हणता आलं असतं. पण उभ्या जन्मात मी एकाही बाईला निघण्यासारखा केस मुद्दाम ठेवून परत पाठवलेलं नव्हतं. सुई सोडली. काटा चढला. चिमटा लावला.

"ओढल्यासारखं वाटलं तर सांगा."

"न्हाई वो. काहीच न्हाई."

केस अलगद आला. पद्माक्कांनी डोळे उघडले, खोलीभर बघितलं, तळवा पदराला पुसला. पाकीट उचलून नाव वाचलं. "ही कोण बाई?" असं पुटपुटत त्यांनी ते पर्समध्ये टाकलं आणि जिना उतरून गेल्या.

मी आरशात बघितलं. आरशात खुर्ची होती, दिवा होता, मी नव्हते. मग मला फार भीती वाटली. इतकी, की आपण आहोत का हे बघायला मी स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला. हनुवटीच्या डाव्या बाजूला काहीतरी टोचलं. केस. नवा, राठ, जिथं एस्तेरबाईंनी शेवटची सुई घातली होती तिथंच. या वयात येतातच म्हणा.

मी खुर्चीत आडवी झाले. सवयीनं दांडी ओल्या फडक्यात गुंडाळून मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं सुई चाचपली. सुई जागेवर नव्हती.

काटा हलला. हळूहळू वर चढायला लागला. हनुवटीत मुंगी चावल्यासारखं झालं आणि स्पिरिटचा आणि लवंगेचा वास आला. एस्तेरबाई कायम लवंग चघळायच्या.

"हलू नकोस रोहिणे," त्या म्हणाल्या. स्टुलावर बसल्या होत्या, चष्मा नाकावर. पार म्हाताऱ्या झाल्या होत्या. "किती हाका मारल्या तुला. आता हा एवढा काढला की झालं."

"बाई, तुम्ही इथंच होतात?"

"मग जाणार कुठं?" त्यांनी काम थांबवलं नाही. मी तरी कधी थांबवलं होतं? काटा खाली आला. चिमटा लागला. "ओढल्यासारखं वाटलं तर सांग."

ओढ नव्हती. केस सुटत होता, लोण्यातून यावा तसा.

"ओढतंय बाई," मी म्हणाले. "फार ओढतंय."