शेंगी मोठी झाली नाही

“दाबू नको काकू, दाबू नको!” स्वप्निल ओरडला, तोवर लिलाबाईनं लाल बटण दाबलंसुद्धा. मोबाईलच्या खेळात पसरायला लागलेला पांढरा उजेड विझला आणि शेंगी होती तेवढीच राहिली. मुंगसाच्या पिल्लाएवढा हिरवा जीव, शेपटीच्या जागी चवळीची शेंग.

“कितव्यांदा थांबवली वं तुनं?”

“मोजत नाई बावा मी,” लिलाबाई म्हणाली आणि भेंडीवर पाणी शिंपडायला लागली.

कामरगावच्या बाजारात पुतण्या स्वप्निलच्या मोबाईलच्या दुकानासमोर तिची जागा ठरलेली. वर पालाचं कापड नाही, काही नाही; एक गोणपाट, त्यावर भेंडी, गवार, चवळी. काटा धरून नवरा शालिग्राम बसलेला. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. गिऱ्हाईक नसलं की लिलाबाई ‘रानजीव’ खेळायची. बावन्न वर्षांची बाई मोबाईलवर जनावरं पकडते म्हणून लोक हसायचे. हसा म्हणा. पत्ते कुटणाऱ्या बाप्यांना कोणी हसतं का?

या खेळात रानोमाळ हिंडायचं, जीव पकडायचे, त्यांना जपायचं, दुसऱ्याच्या जीवांशी लढवायचं. ठरावीक लढाया जिंकल्या की जीव मोठा होतो. अंग दुप्पट, ताकद तिप्पट, पण मोठा झालेला पुन्हा लहान होत नाही. सगळे होऊ देतात. उजेड पसरत असतानाच लाल बटण दाबून थांबवणारी अख्ख्या पंचक्रोशीत एकटी लिलाबाई.

“भेंडी एक रोज जास्त झाडावर रायली तं जून होते. मंग ढोरंबी खात नाई,” असं ती सांगायची. लोकांना ते पटायचं. भाजीवाल्या बाईचं डोकं भाजीतच चालणार!

पण खरं कारण वेगळं होतं. टाळेबंदीत निता, तिची लेक, पंधराची होती. पन्नास माणसांत लग्न उरकतं, खर्च वाचतो, म्हणून जाऊबाई पंचफुला, म्हणजे स्वप्निलची आई, धनजचं स्थळ घेऊन आली. घरात सगळ्यांच्या माना हलल्या. लिलाबाईची नाही हलली. ती स्वतः चौदाव्या वर्षी बोहल्यावर चढली होती, आदल्या दिवशी लगोरी खेळत होती. स्थळ माघारी गेलं आणि भावकीनं सहा महिने तिला धारेवर धरलं. स्थळ परत गेलं त्याच आठवड्यात शाळेसाठी घेतलेल्या मोबाईलवर नितानं शेंगी पकडली. ती पहिल्यांदा मोठी व्हायला लागली तेव्हा लिलाबाईच्या तोंडून निघून गेलं, “येवढी घाई कायले? राहू दे नं तिले!” आणि तिनंच बटण दाबलं. आता निता अकोल्याला नर्सिंगला होती. जुना मोबाईल आणि शेंगी आईकडे राहिली.

“आयक काकू,” स्वप्निल बाहेर येऊन म्हणाला, “या आठवड्यात नवा रानजीव येऊन राह्यला. तोच गेम, पन सुधरून काढला. आपले जुने जीव त्याच्यात येतेत. पुढच्या बाजारी माया रेडा अन् तुयी शेंगी, एकास एक. हारली तं तिले मोठी होऊ द्यायची. मंजूर?”

त्याचा दगडी रेडा! जुन्या खेळात त्यानं शेंगीला चारदा लोळवलं होतं, चारही वेळा एकाच धडकेत.

लिलाबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “अन् तू हारला तं? निताचं शिक्षन होयेपर्यंत तुया मायनं माया घरी एकबी स्थळ आनायचं नाई. हाय हिंमत?”

पंचफुला कालच पुन्हा येऊन गेली होती. पोरगी एकवीसची झाली, आता काय तिले म्हातारी करतं, असं बोलून गेली होती. स्वप्निल हसला. “कबूल. मायले मी पाहून घेतो.”

शालिग्रामनं काट्यावरून मान वर केली. “कायले वं असल्या पैजा?” त्याचे दहातले चार शब्द तिथंच खर्च झाले.

नवा खेळ आला आणि गावातली पोरं कावून गेली. जिथं नदी होती तिथं पूल, जिथं नागमोडी नावाचा जीव सापडायचा त्या खडकात आता वटवाघळं. पाठ केलेल्या सगळ्या जागा वाया! स्वप्निल रेड्याला घेऊन नवनव्या डोंगरांवर धावत सुटला.

लिलाबाईची रीत वेगळी. गावात शिरलं की प्रत्येक घरी डोकावायचं, माणसाशी बोलायचं. घरासमोरून न बोलता जाणं तिला खेळातही जमायचं नाही. रानजीवमध्ये वेशीवरच्या शेवटच्या घरात एक म्हातारी होती. जुन्या खेळात ती एकच वाक्य बोलायची, माझी बाग सुकली. पोरं तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. लिलाबाई मात्र दरवेळी जाऊन यायची.

या वेळी म्हातारीनं शेंगीकडे पाहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली. लिलाबाईनं बोट ठेवून वाचली. “इतक्या लढाया जिंकली, तरी हिला लहान राहू दिलंस? मग हा ताईत हिचा. अजून वाढायचं ज्याचं बाकी आहे, त्याला यानं मार निम्माच लागेल.”

लिलाबाईला एकदम भरून आलं. सहा वर्षांत जिवंत माणसानं तिला असं विचारलं नव्हतं. तिनं ताईत शेंगीच्या गळ्यात घातला आणि कोणाला सांगितलं नाही. निताला फोनवर तेवढं सांगितलं. निता किंचाळली, “आई, तुले काय सापडलं हे समजलं का वं?”

“समजलं म्हनूनच गुपचूप हाओ.”

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी! कारंज्याला सवारी नेणारा जीपवालाही गाडी उभी करून आला. रेड्यानं पहिली धडक दिली. स्वप्निल विजयानं हात वर करणार, तर शेंगी उभीच.

“आबे! मेली कशी नाई?”

“अजून कोवळी हाय नं,” लिलाबाई म्हणाली.

शेंगीनं रेड्याच्या पायाला वेल गुंडाळला. दर फेरीला रेडा धडकायचा, निम्मा मार बसायचा, आणि वेल त्याचा रस शोषून शेंगीला पाजायचा. पळ काढायचा नाही, घाई करायची नाही. बाई सहा वर्षं हेच तर शिकली होती. आठव्या फेरीला रेडा गुडघ्यावर आला. नवव्या फेरीला आडवा!

बाजारात असा गलका उठला की पलीकडच्या रांगेतल्या मिरचीवाल्या उठून पाहायला आल्या. शालिग्राम काटा हातात घेऊनच उभा राहिला आणि म्हणाला, “जितली! आपली लिला जितली!” चार माणसांत त्यानं बायकोचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं.

स्वप्निलनं कपाळाला हात लावला, पण पोरगा दिलदार. “मायले आजच सांगतो काकू. शब्द म्हंजे शब्द.”

तेवढ्यात शेंगीभोवती पुन्हा उजेड पसरायला लागला. जिंकली होती, मोठं व्हायची वेळ आली होती. सवयीनं लिलाबाईचा अंगठा लाल बटणाकडे धावला, पण बटण तिथं नव्हतंच.

“काढलं का बे यायनं?” ती घाबरली.

“दम धर, वाच,” स्वप्निल म्हणाला.

उजेड आपोआप थांबला. नव्या खेळात तो आधी विचारायचा. पडद्यावर दोन चौकटी आल्या होत्या. एकीत लिहिलं होतं ‘आत्ता’, दुसरीत ‘सांगेन तेव्हा’. खाली बारीक अक्षरांत होतं, तुम्ही सांगेपर्यंत पुन्हा विचारणार नाही.

लिलाबाईनं ते दोनदा वाचलं. आता राखण करायची गरज नव्हती; डोळ्यांत तेल घालून अंगठा तयार ठेवायची गरज नव्हती. तिनं ‘सांगेन तेव्हा’वर हलकेच बोट टेकवलं. शेंगीनं अंग झटकलं आणि गवतात उडी मारली.

“आमच्या वक्ती हे बटन नोतं,” ती म्हणाली. कोणाला उद्देशून, ते काही कळलं नाही.

शालिग्रामनं ऐकलं. गोणपाटावरची तिची जागा हातानं झाडून दिली. लिलाबाई बसली, मोबाईल पदराला पुसला आणि समोर उभ्या बाईपुढे एका भेंडीचं टोक मोडून दाखवलं. कट्‌कन आवाज आला.

“घे माय. आजचीच तोड हाय.”