सतराव्या पानावरची किटली

मी एक जुनं, जाड, मोठ्या टायपातलं रहस्यपुस्तक आहे. मित्रांनो, माझ्या चाळिसाव्या पानावर सूप पिता पिता एक कर्नल मरतो. इतकी वर्षं झाली, त्याने एकदाही सूप नको म्हटलेलं नाही.

माझं आयुष्य इंग्लंडातल्या फ्लीटवुडच्या ग्रंथालयात, समुद्राच्या वाऱ्याने फुगत गेलं. तिथल्या म्हाताऱ्या वाचकांची एक रीत होती. पुस्तक वाचून झालं की सतराव्या पानावर पेन्सिलीने आपली बारीकशी खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी येत नाही. कोणाचा मासा, कोणाचा नांगर, विनीआजींची किटली. मला इतके वाचक लाभले की त्या पानावर दारातून आत येणारा माझा गुप्तहेर खुणांखाली दिसेनासा झाला. लोकांना तो अठराव्या पानावर एकदम खुर्चीत बसलेला सापडे. कोणी तक्रार केली नाही. आमच्याकडे खुर्चीत बसलेल्या माणसाला कुठून आलात असं विचारत नाहीत.

विनीआजी मला पहिल्यांदा घरी घेऊन गेल्या, तेव्हा त्यांनी नातीला, छोट्या केझियाला, मोठ्याने वाचून दाखवलं.

"पाद्रीच तो खुनी."

"कशावरून गं आजी?"

"न विचारता लोकांच्या चहात साखर घालतो. असा माणूस काहीही करेल."

खुनी कर्नलचा पुतण्या निघाला. आजींनी तो लेखकाचा अडाणीपणा मानला. असा साखरवाला त्यांना प्रत्येक पुस्तकात सापडायचा आणि प्रत्येक पुस्तकात तो निर्दोष सुटायचा.

केझिया मोठी झाली, ट्रॅमच्या डेपोत लागली आणि फावल्या वेळात रहस्यकथा लिहू लागली. आमच्या काळी खून बंगल्यात, चांदीच्या चमच्यांसमोर होत. तिच्या बरोबरीची मंडळी लाँड्रीत, दवाखान्याच्या कँटीनमध्ये, बसस्टॉपवर माणसं मारतात. आम्हा जुन्यांना आधी जरा लागलं. मग कळलं, ही सगळी पोरं आजी-आजोबांच्या कार्डावर आम्हालाच घरी नेऊन वाढली आहेत. कर्नल गेला, सूप राहिलं.

पुढे मला कोणी नेईना. ग्रंथालयाने मला रद्दीच्या गाड्यावर ठेवलं आणि केझियाने उचलून आजींकडे आणलं. आजींना आताशा आठवत नसे. त्यांनी मला हौसेने उघडलं आणि सतराव्या पानावर थांबल्या.

"ही माझी किटली. म्हणजे वाचलंय मी हे."

"आठवतंय का काही?"

"नाही गं."

त्यांनी मला मिटलं. मग त्या पुस्तकंच उघडेनात. जिकडेतिकडे किटली निघायची आणि प्रत्येक किटली सांगायची, विनी, तू विसरलीस.

केझियाने खोडरबर आणला. खोडरबराने गुदगुल्या होतात म्हणतात, ते खोटं आहे. पण आजी पुन्हा वाचू लागल्या, पुन्हा पाद्र्याला पकडलं, पुन्हा पुतण्या निघाला.

"पूर्वी मी बरोबर ओळखायचे," आजी हळूच म्हणाल्या. "तेही गेलं आता."

केझियाने चहा केला, साखर विचारून.

पुढच्या वर्षी तिचं पुस्तक छापून आलं.

"ग्रंथालयात आज विचारत होते, तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे म्हणून," ती आजींना म्हणाली.

"मग कोणाचं नाव घेतलंस?"

"तुझं."

"मी काय लिहिलंय?"

"किटल्या."

"वेडी आहेस," असं म्हणत आजींनी चष्मा लावला. त्या पुस्तकात डेपोतला एक भला माणूस सगळ्यांना चहा देत होता, न विचारता साखर घालून.

"हाच तो," आजी म्हणाल्या.

शेवटच्या पानावर तोच निघाला. आजींनी ते पान पुन्हा एकदा वाचलं.

"बरोबर आलं गं माझं."

"तू कधी चुकलीस?"

"लिहिणारी बाई हुशार आहे हं. नाव काय हिचं?" एवढं म्हणून त्यांनी सतरावं पान काढलं आणि एक किटली रेखाटली.

सकाळी केझियाने ती पुसली. पुढच्या आठवड्यात आजींचं पुन्हा बरोबर आलं. मी शेजारीच उभा असतो. माझा पाद्रीसुद्धा आता जरा निवांत आहे.

मित्रांनो, पुस्तकांवर काही काढू नये, हे मी पुस्तक म्हणून सांगायलाच हवं. पण एखाद्या जुन्या पानावर किटली दिसली, तर ती कोणाची आहे ते आधी विचारा. पुसायचीच असेल, तर हलक्या हाताने पुसा.

आणि साखर विचारून घाला.